दोन टिटव्या, एक पाण्याची आणि एक माळाची

परवा आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या काठावरचा एक फोटो आला, खाली लिहिलेलं 'पीतमुखी टिटवी, पाय बघा पिवळे', आणि पंधरा-वीस जणांनी अंगठे पण दिले. फोटोत होती आपली नेहमीची टिटवी. चूक होण्यासारखीच आहे, कारण पिवळेधम्मक लांब पाय दोघींनाही असतात, अंगकाठी तीच, चार पावलं पळायचं-थांबायचं-वाकून टिपायचं ही चालही तीच, आणि गावात दोघींना एकच नाव, टिटवी. म्हणून पाय सोडा आणि सगळ्यात आधी गळा बघा.

नेहमीची म्हणजे ताम्रमुखी टिटवी, हिचं डोकं, गळा आणि छाती सगळं काळं कुळकुळीत, आणि डोळ्यामागून निघालेला पांढरा पट्टा मानेच्या बाजूने खाली उतरत थेट पोटाच्या पांढऱ्या रंगात मिसळतो. चोच लाल, टोकाला काळी, डोळ्यापुढे लाल मांसल गाठ. पीतमुखी म्हणजे माळटिटवी, तिला काळं फक्त टोपीपुरतं. टोपीखाली पांढरी किनार, ती मागे मानेवर जाऊन संपते, खाली उतरतच नाही. गळा-छाती मातीच्या रंगाची, आणि छाती संपून पांढरं पोट सुरू होतं तिथं एक बारीक काळी रेघ. चोच काळी, मुळाशी पिवळी, आणि चोचीपासून डोळ्यापुढे उतरणारी पिवळी गाठ. अंगानेही लहान, ताम्रमुखी साधारण 35 सेंटिमीटर तर ही 27 च्या आसपास, पण एकटी दिसली तर मापाचा काही उपयोग होत नाही.

खरी फसगत होते पिल्लांमुळे. ताम्रमुखीचं वाढतं पिल्लू असतं ना, त्याचा गळा पांढुरका असतो, काळा रंग मळकट असतो, आणि लांबून ते माळटिटवीच वाटतं. अशा वेळी मानेच्या बाजूला बघायचं, पांढरा पट्टा पोटापर्यंत गेलाय का? गेला असेल तर ताम्रमुखी.

आवाजाचं सोपं आहे. रात्री साडेअकराला गच्चीवर बसलोय आणि अंधारातून 'टिट्-टिट्-टिटिव-टिव' करत काहीतरी डोक्यावरून गेलं, ती ताम्रमुखीच, इंग्रजांना त्यातच 'डिड ही डू इट' ऐकू आलं. तलावावर कुत्रं नाहीतर माणूस दिसला की पहिली बोंब हीच मारते आणि तिच्या ओरडण्याने बदकं पण उठतात. ही ओरडली की कुणीतरी जाणार असं घरातली मोठी माणसं म्हणतात, पण ती ओरडते ते अंडी-पिल्लांजवळ कुणीतरी आलंय म्हणून. माळटिटवीची हाक बारीक, तुटक, 'टी-ईट' अशी, आणि ती बऱ्याचदा न ओरडता मान खाली घालून पळत दूर जाते.

आता जागा, आणि मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते हेच. दोघी एकाच कुळातल्या, तुतवार-चिखल्यांच्या नात्यातल्या, म्हणजे किनाऱ्याचे पक्षी म्हणतात त्या गटातल्या. पण ताम्रमुखीला जवळपास पाणी-ओल आवडते, उजनी धरणाच्या गाळात, कॅनॉलच्या कडेला, शेततळ्याशेजारी, शहरातल्या रिकाम्या प्लॉटवर पण ती निभावून नेते, आणि जगात बघितलं तर इराकपासून आग्नेय आशियापर्यंत पसरलेली आहे. माळटिटवी फक्त भारतीय उपखंडात आहे आणि तिला पाहिजे कोरडी, उघडी, दगडगोट्यांची जमीन. नान्नजचा माळ तिचाच. तिथं माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली अभयारण्य झालं त्याचा आसरा तिलाही मिळाला. दुसरी तिची जागा म्हणजे ज्वारीची रानं. आपला सोलापूर जिल्हा मुळात रब्बीचा, शाळू फेब्रुवारी-मार्चला निघाला की पुढची पेरणी थेट सप्टेंबर-ऑक्टोबरला, मधले महिने रान मोकळं, आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात तिची अंडी असतात. आता जिथं पाणी पोचलं तिथं ऊस आला, वर्षभर डोक्याएवढा उभा, त्यात ही काय करणार? एकाच धरणाच्या पाण्यानं एका टिटवीला जागा वाढवून दिली आणि दुसरीची काढून घेतली. कुठल्या पक्ष्याला किती धोका आहे त्या जगाच्या यादीत दोघीही 'कमी चिंता' गटात आहेत, ते बरोबरच आहे, पण आपल्या तालुक्यातला माळ संपत चाललाय ते त्या यादीत दिसत नाही. कागदावर त्या माळाला पडीक म्हणतात याचं मला फार वाईट वाटतं, कारण तलाव वाचवायला तरी लोक गोळा होतात, माळासाठी कुणी येत नाही.

घरटं दोघींचं सारखंच, म्हणजे घरटं नाहीच, जमिनीत उथळ खळगा, भोवती खडे नाहीतर शेळीच्या लेंड्या, आणि बहुतेक वेळा चार अंडी, मातकट त्यावर काळे डाग. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, टोकं खाली-आत असली की पाऊस चांगला, असं गावोगाव मानतात. पण टिटवी साधारण चारच घालते, दुष्काळातही, आणि टोकं आत ठेवली की चारही पोटाखाली नीट मावतात. मला यापेक्षा पाण्याची गोष्ट भारी वाटते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 ला जातो, उघड्यावरची अंडी शिजून निघतील, तेव्हा नर-मादी पाळीपाळीने पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. ताम्रमुखीला पाणी बहुतेक हाकेच्या अंतरावर असतं. माळटिटवीला कधी लांब जावं लागतं, म्हणून माळावरचं एखादं डबकं किंवा गुरांची दगडी डोण सुद्धा तिच्या कामाची असते.

उन्हाळ्यात फोटोसाठी जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा, पक्षी उठून घिरट्या घालायला लागला की लगेच आल्या वाटेने मागे फिरायचं, कारण तुम्ही उभे आहात तोवर अंड्यांवर सावली नाही आणि वर कावळे बघत असतात. आणि कुणाच्या घरी रान असेल तर एप्रिल-मेच्या नांगरटीआधी एक चक्कर मारा. आमच्या पाहुण्यांच्या रानात ट्रॅक्टरवाल्याला मागच्या उन्हाळ्यात माळटिटवी उठताना दिसली, त्याने खाली उतरून अंडी शोधली, भोवती चार दगड मांडले आणि खाटेएवढा तुकडा न नांगरता सोडला. आठ-दहा दिवसांनी गेलो तर खळग्यात टरफलाचा एक कपचा होता आणि बांधाकडे मातीच्या रंगाची तीन पिल्लं पळत होती.