‘सारं मनावर असते’ हे आलं कुठून?

वऱ्हाडात पावसानं दडी मारली की पारावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘यंदाचं वरीस गेलं.’ आणि त्यावर उत्तर म्हणून दुसरं, ‘सारं मनावर असते, बावा.’ पहिला अंदाज आहे, दुसरा सल्ला. या सल्ल्याला दोन हजारांहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. तो धुंडाळला की लक्षात येतं, मूळ बोलण्यातला अर्धा भाग वाटेत गळून पडला, आणि गळला तोच जास्त कामाचा होता.

विदर्भात या विचाराचं सगळ्यात जुनं रूप बुद्धविहारांत ऐकू येतं. मन सगळ्याच्या पुढे चालतं, असं धम्मपदाची पहिलीच गाथा सांगते. दूषित मनानं बोललं-वागलं की दुःख मागे लागतं, बंडीचं चाक बैलाच्या पावलामागे लागावं तसं. दुसऱ्या गाथेत ‘दूषित’च्या उलट शब्द येतो तो ‘पसन्न’, म्हणजे प्रसन्न. सतराव्या शतकात तुकोबांनी ‘मन करा रे प्रसन्न’ म्हटलं, तेव्हाही शब्द हाच होता. आज प्रसन्न म्हटलं की आपल्याला हसरा चेहरा आठवतो. जुना अर्थ मात्र निवळलेलं, गाळ खाली बसलेलं असा आहे. संस्कृतात स्वच्छ पाण्यालाही प्रसन्न म्हणतात. पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळ येतं तेव्हा रांजणात तुरटी फिरवून ठेवतात आणि सकाळी तळ दिसतो. गढूळ पाण्यात साखर घालून ते पिण्याजोगं होत नाही. ‘पॉझिटिव्ह राहा’ या सल्ल्यात बहुतेक वेळा ही साखरच असते.

जवळचा वारसा अमरावती जिल्ह्यातला. शेंडगावचे गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तनात लोकांनाच प्रश्न विचारत. उत्तर समोरच्याच्या तोंडून येई. कर्ज काढून सण-लग्न करू नका, हे त्यांचं सांगणं तर मनाचा आणि सावकाराचा हिशेब एकत्र मांडणारं. यावलीत जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज उभा केला. तिथल्या परंपरेत ध्यान आणि प्रार्थना आहे, पण तिच्या जोडीला ग्रामसफाई, उद्योग, शिक्षणही आहे. मन आधी सुधारा मग हात हलवा, असा क्रम या दोघांनीही लावला नाही. पुढे मानसशास्त्र बरंच फिरून जवळपास याच जागी आलं, म्हणून ही गोष्ट इथेच नोंदवून ठेवलेली बरी.

तिकडे ग्रीसमध्ये, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात, एपिक्टेटस नावाच्या पूर्वी गुलाम असलेल्या तत्त्वज्ञानं शिकवलं की माणसाला घटना अस्वस्थ करत नाहीत, घटनेबद्दलचं त्याचं मत अस्वस्थ करतं. पण त्याचा पहिला धडा वेगळाच होता: आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, याची आधी वाटणी करा. पाऊस दुसऱ्या वाट्यात. वाक्य पसरलं, वाटणी मागे राहिली.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत ‘मनानं रोग बरा होतो’ सांगणारी चळवळ उभी राहिली. फिनियस क्विम्बी हा घड्याळं करणारा माणूस तिचा आरंभक मानला जातो. १९२० च्या सुमारास फ्रान्समधला औषधविक्रेता एमिल कुए लोकांना एकच वाक्य देई: दिवसेंदिवस मी सर्व बाजूंनी सुधारतो आहे. ते २० वेळा म्हणायचं, मोजणी चुकू नये म्हणून दोरीला २० गाठी. जपमाळ माहीत असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. १९५२ मध्ये नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्या पुस्तकानं ‘सकारात्मक विचार’ हा शब्दप्रयोग जगभर नेला, आणि त्याच्याच नातेवाईकांसारखी पुस्तकं आज आपल्या बसस्टँडवर विकायला असतात. २००९ मध्ये कॅनडातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी अशा वाक्यांची परीक्षा घेतली. स्वतःबद्दल आधीच कमी आदर असलेल्यांना ‘मी प्रेम करण्याजोगा आहे’ असं पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, तर त्यांना आधीपेक्षा वाईट वाटलं. कारण सरळ आहे. वाक्य आणि मनातली खात्री यांच्यात अंतर जास्त असलं की मन लगेच उलटी यादी काढून दाखवतं.

दुसरी वाट दवाखान्यातून गेली. १९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस आणि १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात ॲरन बेक यांनी रुग्णाच्या विचाराला पुरावा मागायला सुरुवात केली. एलिस यांनी एपिक्टेटसचं ऋण उघड मान्य केलं. त्यांची पद्धत महाराष्ट्रात रुजवण्याचं काम मुख्यतः कि. मो. फडके यांचं. पद्धत तीन रकान्यांची: घटना, तिच्याबद्दलची समजूत, परिणाम. चौथा रकाना तपासणीचा.

हे शेतात कसं दिसतं ते पाहू. समजा, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सोयाबीन पेरलं. दोन तासांत, म्हणजे पेरणीच्या ओळींत, ४५ सेंमी, दोन झाडांत ५ सेंमी. म्हणजे १ मीटर तासात २० झाडं, हेक्टरी सुमारे ४.४४ लाख. पेरणीनंतर १२ दिवस पाऊस नाही, जमिनीनं खपली धरली, बांधावरून शेत उघडं दिसतं.

पहिल्या रकान्यात मोबाइलच्या फोटोत दिसेल तेवढंच लिहायचं: ‘१२ दिवस पाऊस नाही, बांधाजवळ रोपं कमी.’ ‘पेरणी वाया गेली’ ही घटना नाही, तो निकाल आहे. दुसऱ्या रकान्यात मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, घरच्या बोलीत: ‘यंदाचं वरीस गेलं.’ तिसऱ्यात शरीर आणि हात-पाय काय करतात ते: झोप पहाटे ३ ला मोडते, दोन दिवस शेतात पाय नाही, कृषी केंद्रवाल्याचा फोन उचलला नाही. चौथ्यासाठी १ मीटर दोरी घेऊन शेतात जायचं. बांधाच्या कडेची जागा सोडून पाच ठिकाणी दोरी तासात ठेवायची आणि रोपं मोजायची. समजा १४, ११, ६, १५, १३ आली. एकूण ५९, सरासरी १२ च्या जवळ, २० पैकी. आता वाक्य बदलतं: ‘उगवण साधारण ६० टक्के, उताराच्या अंगाला फार विरळ.’ हे वाक्य काही गोड नाही, पण ते घेऊन कृषी सहायकाला विचारता येतं की नांग्या भरायच्या, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टाकायचं, की तेवढा पट्टा मोडायचा. ‘वरीस गेलं’ घेऊन कुणाला काही विचारता येत नाही.

आणि पाचही ठिकाणी दोन-तीनच रोपं निघाली तर? मग मनातला विचार बरोबर होता. दुःखही रास्त आहे. अशा वेळी विचार बदलायला सांगणारा माणूस चुकतो. तिथे बियाणं आणि पैसा हा प्रश्न आहे.

हा कागद बिघडतो कुठे, तेही ठरलेलं आहे. दुसऱ्या रकान्यात लोक प्रश्न लिहितात: ‘माझं कसं होईन?’ प्रश्न तपासता येत नाही, म्हणून त्याचं विधान करून घ्यावं लागतं: ‘पोरीची फी भरता येणार नाही.’ मग फी किती, तारीख कोणती, हप्ते होतात का, हे विचारता येतं. दुसरी चूक, समजुतीच्या जागी भावना लिहिणं. ‘जीव घाबरते’ हा परिणाम आहे, तिसऱ्या रकान्यातला. तिसरी चूक वेळेची. झोपमोड झालेल्या पहाटे हा हिशेब मांडला की प्रत्येक आकडा काळाच दिसतो. दिवसा, खाऊन झाल्यावर मांडावा. आणि घरच्यांचं ‘टेन्शन नको घेऊ’ हे वाक्य, कितीही मायेचं असलं तरी, चौथा रकाना बंद करतं.

१९९६ मध्ये मानसशास्त्रज्ञ नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी विचार तपासण्याच्या या उपचाराचे भाग सुटे केले. नैराश्याच्या सुमारे १५० रुग्णांत काहींना पूर्ण उपचार दिला, काहींना फक्त दिवसाची कामं ठरवून करायला लावली, विचारांना हातच घातला नाही. दोन्हींचा गुण सारखा आला. म्हणजे विचार सुधारल्यावरच माणूस उठतो असं नाही. उठला की विचारही हलतो. २०१६ मध्ये मायर आणि सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी आपलाच १९६७ चा जुना सिद्धान्त उलटा केला. हतबलता माणूस शिकतो, असं आधी ते म्हणत. नंतर म्हणाले, लांबलेल्या संकटात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे; शिकावं लागतं ते ‘माझ्या करण्यानं काही बदलतं’ हे. खराट्याकडे परत आलो म्हणायचं.

विदर्भात हा सगळा विषय आला तो मात्र आत्महत्यांच्या सावलीत. १ जुलै २००६ ला पंतप्रधानांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर केलं. चर्चा कर्जाची, सिंचनाची, कापसाच्या भावाची होती, आणि ती तशीच असायला हवी होती. मनाचा मुद्दा पुढे आला अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चाललेल्या ‘विश्राम’ या कार्यक्रमातून. त्याच्या पूर्ण नावात आजाराचं नाव नाही, ‘ताण आणि आरोग्य’ असे शब्द आहेत. ही निवड शहाणपणाची होती. ‘डोक्याचा डॉक्टर’ म्हटलं की गावात दार बंद होतं, टेन्शन मात्र सगळ्यांनाच असतं. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायचं, समुपदेशकानं पुढचं ऐकायचं, गंभीर असेल ते मानसोपचारतज्ज्ञाकडे. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आत्महत्येचे विचार आल्याचं सांगणारे ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. ही आधी-नंतरची तुलना आहे, शेजारी कार्यक्रम न झालेली गावं मोजलेली नाहीत, म्हणून सगळं श्रेय एकट्या कार्यक्रमाला देता येत नाही. तरी चारवरून सत्तावीस हा फरक छोटा नाही.

त्याच सुमारास गोव्यातल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर चाचणी झाली. वैद्यकीय पदवी नसलेल्या समुपदेशकांनी ६ ते ८ भेटी द्यायच्या, एक भेट ३० ते ४० मिनिटांची, आणि भर कृतीवर. इथेही काय फसतं ते शिकण्यासारखं आहे. ‘रोज फिरायला जा’ हे काम होत नाही. ‘बुधवारी सकाळी ७ ला देवळापर्यंत, लहान्या सोबत’ हे होतं. पहिल्या आठवड्यात एकच काम, तेही अर्ध्या तासाच्या आतलं. मोठं ठरवलं आणि राहिलं की ‘माह्याच्यानं काईच होत नाई’ला नवा पुरावा मिळतो. आणि भेट ओट्यावर, चारचौघांत झाली तर माणूस खरं बोलत नाही, सोयाबीनच्या भावावरच बोलत बसतो.

राज्य सरकारनं २०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्प १४ जिल्ह्यांत सुरू केला. आशा ताईंनी घरोघरी पाहणी करायची, १०४ वर फोनची सोय. तपासणीसाठी सगळीकडे वापरतात ती नऊ प्रश्नांची यादी: गेल्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह कसा होता वगैरे. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७, दहा किंवा जास्त आले तर पुढे पाठवायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो विचारताना आवाज खाली जातो, किंवा घाईत शून्य टाकला जातो. थेट विचारल्यानं मनात तसा विचार पेरला जातो, ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. तिथं उत्तर ‘हो’ आलं, तर बाकी बेरीज कितीही असो, माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं. ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

उलट दिशेचा पुरावाही या इतिहासाचाच भाग आहे, आणि व्याख्यानांत तो सहसा गाळतात. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ५४ गावांमधल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांची बुद्धीची आणि लक्ष देण्याची चाचणी तोडणीच्या आधी आणि नंतर घेतली. माणूस तोच, कोडी तशीच. तोडणीआधी, हात रिकामा असताना, गुण कमी आले. आळस नव्हता. डोक्याची जागा उधारीनं अडवली होती. इंडोनेशियात गरीब कुटुंबांना थेट रक्कम दिल्यावर आत्महत्या सुमारे १८ टक्के घटल्याचं २०१९ च्या अभ्यासात दिसलं. तिथं कुणी कुणाचे विचार बदलायला गेलं नव्हतं.

आपल्याकडे हा रिकाम्या हाताचा काळ जुलै ते सप्टेंबर. पेरणीत पैसा गेलेला, सोयाबीन घरात यायला अजून अवकाश, आणि त्यातच पोळा. या दिवसांत समुपदेशकानं चार रकाने काढण्याआधी बँकेचा कागद मागावा: पीक कर्जाचं नूतनीकरण झालं का, विम्याची पावती आहे का. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपाआधी विमा योजनेच्या नियमात स्थानिक आपत्तीच्या नुकसानीची सूचना ७२ तासांत द्यायची असे. ‘काही मिळत नसते’ म्हणून ती दिलीच जात नसे, आणि मग खरंच काही मिळत नसे. त्या एका कामात दुसरा रकाना आणि बँक, दोन्ही एकाच कागदावर येत.