परसातील कोरीवकामाची जागा

लाकडावरील कोरीवकाम छंद म्हणून करणाऱ्याने घरामागील परसात, पडवीत किंवा कुंपणभिंतीच्या आडोशाला उभारलेली कामाची जागा. सुतारकामाला लांब फळ्या फिरवण्याइतका ऐसपैस अवकाश लागतो. कोरीवकाम मात्र हातभर तुकड्यावर, एकाच ठिकाणी तासन्‌तास चालते. त्यामुळे 8 × 10 फुटांची जागा एका माणसाला पुरते आणि खर्चाचा भाग यंत्रांपेक्षा छप्पर, उजेड आणि धार यांवर अधिक पडतो.

नाशिकमध्ये या छंदाला नमुन्यांची वाण नाही. जुन्या नाशकातील व पंचवटीतील वाडे, सराफ बाजारातील पेशवेकालीन सरकारवाडा आणि जिल्ह्यातील चांदवडचा होळकरकालीन रंगमहाल येथे जुने लाकूडकाम पाहावयास मिळते. सुरूच्या घाटाचे खांब, केळफुले, महिरपी, वेलबुट्टीच्या पट्ट्या हे पेशवाई धाटणीचे घटक नवशिक्याने आधी कागदावर उतरवून मग लाकडावर घ्यावेत, हे बरे.

जागेची दिशा ठरवताना पाऊस आणि ऊन यांचा एकत्र विचार करावा लागतो. नैर्ऋत्य मोसमी पावसाची झड आणि वैशाखातील दुपारचे ऊन ही दोन्ही मुख्यतः पश्चिमेकडून येतात. म्हणून ती बाजू भिंतीने किंवा पत्र्याने पूर्ण बंद करून उत्तर बाजू मोकळी ठेवणे सोयीचे ठरते. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. उठावाचे काम करताना मात्र डोक्यावरचा सरळ दिवा उपयोगी पडत नाही, कारण सावली पडल्याखेरीज खोली कळत नाही. त्यासाठी एका बाजूने तिरपा प्रकाश टाकणारा, मान वळणारा दिवा हवा. परसात नेलेल्या विजेच्या जोडणीला गळती होताच प्रवाह तोडणारे स्वयंचलित बटण बसवावे.

नाशिक परिसरातील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट टाकलेली फरशी काही वर्षांत खालीवर होते. वरची माती काढून मुरूम भरून धुमसावा आणि मग फरशी बसवावी. शहाबादी फरशी स्वस्त व टिकाऊ असली तरी हातातून निसटलेली पटाशी तिच्यावर पडली की धारेचा कोपरा उडतो. कामाच्या मेजापुढे रबरी चटई किंवा जुन्या फळ्या अंथरल्यास पायांनाही आराम मिळतो. वाळवीचा उपद्रव लक्षात घेता लाकडाचे तुकडे जमिनीला किंवा भिंतीला टेकवून ठेवू नयेत.

मेज जड असावे, कारण मोगरीच्या (लाकडी हातोड्याच्या) प्रत्येक ठोक्याबरोबर हलणाऱ्या मेजावर घाव नेमका बसत नाही. उभ्याने काम करणाऱ्यासाठी त्याची उंची कोपराच्या थोडी खाली, म्हणजे रंधा मारण्याच्या मेजापेक्षा जास्त असते. परंपरेने सुतार जमिनीवर बसून तुकडा पायाने दाबून धरतो आणि सरावलेल्या हाताला ते साधतेही, परंतु हौशी माणसाने तुकडा शिकंज्यात किंवा पाचरी ठोकून पक्का करावा. दोन्ही हात पटाशीवर आणि दोन्ही हात धारेच्या मागे, हा नियम तुकडा मोकळा असताना पाळताच येत नाही.

हत्यारांची संख्या सुरुवातीला थोडी पुरते : दोन-तीन सपाट पटाश्या, तितक्याच वेगवेगळ्या गोलाईच्या गोल पटाश्या, नक्षीची रेघ मारणारी एक त्रिकोणी पटाशी, मोगरी, कानस व मरफा (लाकूड घासण्याची खरबरीत दात्यांची कानस). खरी जागा राखून ठेवायची ती धार लावण्यासाठी. खरबरीत ते गुळगुळीत असे दगड आणि शेवटी चामड्याचा पट्टा यांचा कोपरा नळाजवळ, पण लाकडापासून दूर असावा. दगडावरील लोखंडी गाळ बाभळीसारख्या टॅनिनयुक्त (तुरट द्रव्य असलेल्या) लाकडाला लागला की काळे डाग पडतात. कित्येक जण हा कोपरा सर्वांत शेवटी करतात आणि तोवर बोथट पटाशीने जोर लावून लाकूडही बिघडवतात व हातही.

लाकडांत शिवण हे हलके, कापायला मऊ आणि वाळल्यावर फारसे न वाकणारे असल्याने शिकण्यास उत्तम. साग टिकाऊ खरा, पण त्यातील सिलिकेमुळे धार लवकर जाते. शिसवात बारीक नक्षी उठून दिसते, मात्र हात बसेपर्यंत त्याच्या वाटेला जाऊ नये. पाडलेल्या वाड्यांचे जुने सागवान पुरेपूर मुरलेले असते; त्यात दडलेले खिळे लोहचुंबकाने शोधून काढल्यावरच पटाशी लावावी. स्वतःच्या परसातील झाडही शहरात विनापरवाना तोडता येत नाही. 1975 च्या महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमानुसार आधी परवानगी घ्यावी लागते.

ओले लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने जास्त आणि गाभ्याकडून सालीकडे कमी आकसते, म्हणून अखंड ओंडका तडकतो. तो मधोमध चिरून, टोकांना मेण किंवा रंग फासून, मध्ये काड्या घालून सावलीत रचतात. ढोबळमानाने एक इंच जाडीला एक वर्ष धरतात. वाळलेले लाकूडही श्रावणात ओलावा घेऊन फुगते आणि चैत्रात आकसते. जोड असलेले काम त्यामुळे पावसाळ्यात चिकटवू नये. त्या चार महिन्यांत पटाश्यांना तेलाचा हात देऊन त्या कापडात गुंडाळून ठेवाव्या लागतात.

पॉलिश कागदाने घासताना उडणारी बारीक भुकटी ढलप्यांपेक्षा घातक असते. लाकडाच्या भुकटीची गणना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने निश्चित कर्करोगकारकांत केली आहे. मोकळ्या हवेतही नाकातोंडावर मुखपट्टी हवी. शेवटचा हात जवसाच्या तेलाचा असेल, तर तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो, म्हणून चिंध्या दोरीवर सुट्या पसरून वाळवतात किंवा पाण्यात बुडवून ठेवतात.