घरगुती वातानुकूलक : जागा व बसवणी

घरात वातानुकूलक (बोलीत एसी) कोठे लावायचा, त्याचे भाग कसे जोडायचे आणि त्यांभोवती हवेला किती मोकळीक ठेवायची, याचे तंत्र. यंत्रावर छापलेली कार्यक्षमता प्रयोगशाळेत मोजलेली असते. आयएसओ ५१५१ या मानकाच्या नेहमीच्या शीतन चाचणीत बाहेरची हवा ३५° से. आणि आतली २७° से. ठेवतात. घरी ती कार्यक्षमता कितपत टिकते, हे बरेचसे बसवणीवर अवलंबून असते.

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. दोन भागांच्या (स्प्लिट) एसीत इनडोअर युनिट खोलीत आणि आउटडोअर युनिट घराबाहेर असते. इनडोअर युनिटच्या कॉइलमध्ये (नळ्यांच्या वेटोळ्यात) शीतनद्रव्य (ज्याला सगळे नुसते ‘गॅस’ म्हणतात) उकळताना उष्णता घेते. कॉम्प्रेसर त्या वायूवर दाब देतो आणि आउटडोअरच्या कॉइलमध्ये तो पुन्हा द्रव होताना उष्णता बाहेरच्या हवेला देतो. ही हवा आधीच तापलेली असेल, तर दाब वाढवावा लागतो आणि कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. म्हणून विजेच्या हिशेबात आउटडोअरची जागा सर्वांत महत्त्वाची. प्रत्यक्षात ती सर्वांत शेवटी ठरते, आणि तीही उरलेल्या कोपऱ्यात.

सर्वसाधारण आउटडोअर मागून व एका बाजूने हवा ओढून पंख्यातून पुढे फेकतो. पुढे भिंत, बंदिस्त बाल्कनी किंवा दाट जाळी आली, की फेकलेली गरम हवा वळून पुन्हा मागे ओढली जाते. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक युनिटे टांगली, की खालच्या मजल्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्या युनिटांच्या वाट्याला येते. हे ताडून पाहणे सोपे आहे : एसी अर्धा तास चालल्यावर मागच्या कॉइलजवळ, जिथे हवा आत ओढली जाते तिथे, थर्मामीटर धरावा. तिथले तापमान मोकळ्यावरच्या सावलीतल्या हवेपेक्षा बरेच जास्त असेल, तर यंत्र स्वतःचीच किंवा शेजाऱ्याची गरम हवा घेत आहे. किती अंतर सोडायचे, ते उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. पुढची बाजू शक्यतो पूर्ण मोकळीच हवी. सावलीचा उपयोग होतो, पण तिचे माहात्म्य जरा वाढवूनच सांगितले जाते. उन्हापासून वाचवायला चारी बाजूंनी घातलेली पेटी उन्हापेक्षा जास्त नुकसान करते.

इनडोअर उंचावर लावतात, कारण थंड हवा जड असल्याने खाली उतरते. मात्र तो हवा वरून आत घेतो, त्यामुळे छतापर्यंत पुरेशी फट ठेवावी लागते. खोलीचे तापमान मोजणारा सेन्सरही बहुधा याच हवेच्या वाटेवर असतो. समोर कपाट किंवा पडद्याची पेटी आली, तर थंड झोत तिच्यावर आपटून वर परततो; सेन्सरला खोली गार झाल्यासारखी वाटते आणि पलंगावरचा माणूस घामाघूम राहतो. मग रिमोटवर आकडा खाली आणला जातो आणि वीज वाया जाते. याउलट, खाली टीव्ही किंवा दिवा असला की सेन्सरला नसलेला उकाडा जाणवतो.

दोन युनिटांमधील तांब्याची पाइप जितकी आखूड व कमी वळणांची, तितके बरे. पण उत्पादकाने किमान लांबी दिली असेल तर तिच्याखाली जाऊ नये. कारखान्यात भरलेला गॅस ठरावीक लांबीपुरता असतो. पाइप त्याहून लांब असेल, तर दर मीटरमागे सांगितलेला जादा गॅस वजन करून भरतात. गॅस नेणारी व परत आणणारी अशा पाइपा दोन असतात; दोन्हींना वेगवेगळे आवरण लागते.

सर्वाधिक टाळाटाळ होते ती व्हॅक्यूम काढण्यात, म्हणजे पाइपांतली हवा पंपाने ओढून काढण्यात. जोडणीनंतर पाइपांत हवा व दमटपणा उरतो. हवा आउटडोअरच्या कॉइलमध्ये द्रव न होता साचून दाब वाढवते. दमटपणाने कॉम्प्रेसरच्या तेलात आम्ले तयार होतात. व्हॅक्यूम पंप लावून दाब साधारण ५०० मायक्रॉनपर्यंत, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, उतरवतात आणि पंप बंद केल्यावर तो तिथेच टिकतो का, हे पाहतात. पंपाऐवजी थोडा गॅस सोडून हवा ढकलून लावण्याची घाईची पद्धत आहे. तिने दमटपणा जात नाही. शिवाय आर-३२ आणि आर-२९० ही शीतनद्रव्ये ज्वलनशील असल्याने ती धोक्याचीही आहे.

क्षमता टनात सांगतात (१ टन म्हणजे सुमारे ३.५ किलोवॉट उष्णता). गरजेहून मोठा, कॉम्प्रेसर एकाच ठरावीक वेगाने चालवणारा एसी खोली झटकन गार करून थांबतो. हवेतला दमटपणा निघायला वेळ मिळत नाही आणि गार असूनही चिकचिक राहते. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग उतरवू शकतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते.

विंडो एसीला तांब्याची जोडणी करावी लागत नाही. पाणी बाहेर जावे म्हणून बहुतेक यंत्रे बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवतात आणि चौकटीभोवतीच्या फटी बुजवतात. जाड भिंतीत मात्र एक चूक सर्रास होते : यंत्राच्या बाजूंवरच्या झडपा भिंतीच्या आत गाडल्या जातात. बाहेरच्या कॉइलला हवा त्याच झडपांतून मिळते, म्हणून त्या पूर्णपणे भिंतीबाहेर राहतील इतके यंत्र पुढे सरकवून बसवावे लागते.