केवडा सहनशील भेंडी म्हणजे नक्की काय?

भेंडीच्या बियाण्याच्या पाकिटावर 'केवडा सहनशील' लिहिलेलं असतं आणि आपण धरून चालतो की केवडा येणारच नाही, सगळी गडबड इथेच होते. सहनशील म्हणजे रोगाचा व्हायरस झाडात शिरतो, पण लक्षणं फारशी दिसत नाहीत.

केवडा म्हणजे यलो व्हेन मोझॅक, भेंडीवरचा व्हायरसचा रोग. आधी पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मधला भाग हिरवाच असतो त्यामुळे पानावर पिवळी जाळी दिसते, मग अख्खं पान पिवळं आणि भेंडीही पांढुरकी, निबर, जिला मार्केटमध्ये कोणी विचारत नाही. हा व्हायरस पसरवते पांढरी माशी, जेमतेम एक मिलिमीटरची, पानाच्या खालच्या बाजूला बसून रस पिते. आजारी झाडाचा रस प्यायली की व्हायरस तिच्या आतड्यातून शरीरात आणि तिथून लाळेत जातो, ह्यात काही तास जातात, पण एकदा तो लाळेत उतरला की पुढे कित्येक दिवस ती बसेल त्या झाडाला रोग लावत सुटते.

मग माशीच येणार नाही असं वाण काढा ना! बोलायला सोपंय. कापसात लव असलेल्या पानांवर तुडतुडे (रस पिणारी दुसरी कीड) कमी येतात पण पांढऱ्या माशीला तीच लव मानवते, आता बोला. आणि माशीने रस प्यायला तरी उत्पन्न टिकवणारं वाण असेल तर त्याने व्हायरस थांबत नाही, माशा मात्र तिथे मजेत वाढतात.

दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेने 1950 च्या दशकात पुसा सावनी ही भेंडीची जात काढली, त्यासाठी पश्चिम बंगालमधलं एक वाण वापरलं होतं ज्यात व्हायरस शिरायचा पण लक्षणं दिसायची नाहीत. देशभर चालली ती, नंतर मात्र केवड्याला सर्रास बळी पडायला लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचाच रानभेंडीच्या जातीशी संकर करून 1980 च्या दशकात परभणी क्रांती दिली, माझ्या मते मराठवाड्याचं हे मोठं काम, पण पुढे तिच्यावरही केवडा आलाच, कारण हा एकच व्हायरस नाही, जवळचे अनेक व्हायरस आहेत आणि ते आपापसात जनुकांचे तुकडे बदलतात.

रोगट झाड दिसलं की उपटून टाका हा सल्ला सगळेच देतात, बरोबरच आहे. पण लक्षणं न दाखवणाऱ्या वाणात उपटायचं कुठलं, हिरव्यागार प्लॉटमधून माशी व्हायरस घेऊन शेजारच्या शेतात जाते आणि केवडा तिकडे दिसतो.