तान्ह्या बाळालाही पासपोर्ट लागतोच

गोव्यात डिचोली-पेडण्याकडे अजून छातीठोकपणे सांगतात, ‘मूल लहान आहे, आईच्या पासपोर्टवर चालतं.’ नाही चालत! पूर्वी पालकांच्या पासपोर्टवर मुलांची नावं चढवत. ती पद्धत केव्हाच बंद झाली. मोपा विमानतळावरून रडतं मूल घेऊन माघारी फिरायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून स्पष्ट सांगते: महिन्याच्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. मांडीवर बसणार असलं तरी तिकीटही लागतं.

मोठ्या भावंडाचा पासपोर्ट उघडून बघा. लहानांचा साधारण 5 वर्षंच चालतो, आणि सहल आठवड्याचीच असली तरी बरेच देश 6 महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. पासपोर्टच्या अर्जाला आई-बाबा दोघांच्या सहीचं संमतीपत्र जोडा. 4 वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो अर्ज द्यायला जाताना सोबत न्या.