मूलपेशी उपचार आणि बेळगाव सीमाभाग

मूलपेशी म्हणजेच स्टेम सेल या स्वतःसारख्या नव्या पेशी तयार करत राहतात आणि त्यांतूनच रक्त, त्वचा, स्नायू अशा वेगवेगळ्या कामांच्या पेशी घडतात. अशा पेशी देऊन निकामी झालेली ऊती पुन्हा उभी करणे म्हणजे मूलपेशी उपचार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हे नाव दोन वाटांनी घरात येते : रक्ताच्या आजारात डॉक्टर ‘बोन मॅरो (हाडांतली रक्त तयार करणारी मज्जा) बदलावा लागेल’ म्हणतात तेव्हा, आणि गुडघे, अर्धांगवायू, मधुमेह, स्वमग्नता या सगळ्यांवर एकच इंजेक्शन सांगणाऱ्या जाहिरातीतून. पहिला उपचार सिद्ध आहे. दुसऱ्याला बहुतेक ठिकाणी पुरेसा आधार नाही. जमीन गहाण टाकण्याआधी हा फरक कळायला हवा.

थॅलसेमिया या जन्मजात रक्ताच्या आजाराच्या मुलाला साधारण दर ३-४ आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, शिवाय शरीरात साठणारे लोह काढण्याची औषधे चालूच. यातून सुटण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे मज्जारोपण, म्हणजेच दात्याच्या मूलपेशी देऊन मज्जा बदलणे. आधी दाता आणि रुग्ण यांची एचएलए जुळणी, म्हणजे पेशींवरच्या ओळखखुणांची जुळणी, पाहतात. एका सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता २५ टक्के असते. आईवडिलांशी बहुधा निम्मीच जुळते. प्रौढ दात्याला ४-५ दिवस जी-सीएसएफ या मज्जेला चालना देणाऱ्या औषधाची इंजेक्शने देऊन मूलपेशी रक्तात उतरवतात आणि यंत्राने काही तासांत वेगळ्या करतात. दाता लहान असेल तर भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. दात्याच्या रक्तातून घेतलेल्या सीडी-३४ पेशी (ही खूण असलेल्या मूलपेशी) रुग्णाच्या दर किलो वजनामागे किमान २० लाख लागतात. पेशी देण्यापूर्वी केमोथेरपीने रुग्णाची स्वतःची मज्जा रिकामी करतात. मग पेशी रक्तासारख्याच शिरेतून जातात. नवी मज्जा जोम धरेपर्यंत २ ते ४ आठवडे जातात, आणि तेवढ्यात साधी बुरशीही जिवावर बेतू शकते. पुढे दात्याच्या पेशी रुग्णाची त्वचा, यकृत, आतडी यांवर उलटू शकतात. म्हणून पहिले सुमारे १०० दिवस रुग्णालयाजवळच राहायला सांगतात. खानापूरच्या आतल्या गावातून बेंगळूरू किंवा पुण्याला गेलेल्या कुटुंबाने खोलीभाडे आणि बुडणारी मजुरी आधीच हिशेबात धरावी. भावंड जुळत असेल आणि उत्पन्नाची अट बसत असेल, तर कोल इंडियाच्या निधीतून चालणाऱ्या थॅलसेमिया बाल सेवा योजनेत १० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते.

गरोदरपणात नाळेतील रक्त खासगी बँकेत ठेवण्याची गळ घातली जाते. जनुकीय आजारात बाळाचे स्वतःचे नाळरक्त कामाचे नाही, कारण तोच दोष त्यातही असतो. शिवाय एका नाळेतील पेशी मोठ्या माणसाला बहुधा पुरत नाहीत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद अशा साठवणीची शिफारस करत नाही. घरात आधीच थॅलसेमियाचे मूल असेल, तर मात्र धाकट्या भावंडाचे नाळरक्त जरूर जपावे.

निपाणीच्या तंबाखूपट्ट्याने ओळखावा असा आजार म्हणजे बर्गर रोग. विडी-तंबाखूच्या व्यसनात पायाच्या रक्तवाहिन्या बंद होतात, बोटे काळी पडतात, जखम भरत नाही, ठणक्याने रात्र सरत नाही. त्यावर बेंगळूरूत तयार झालेल्या ‘स्टेम्प्यूसेल’ला केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०१६ मध्ये मर्यादित परवानगी दिली. दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या या पेशी पोटरीच्या स्नायूत टोचतात. तंबाखू सुटली नाही तर आजार तरीही पुढे सरकतो.

जगभरचा नैतिक वाद पेटला तो १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्यावर, कारण त्यात भ्रूण नष्ट होतो. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या साध्या पेशी चार जनुकांनी मूलावस्थेत नेल्या, पुढच्या वर्षी मानवाच्याही. त्यामुळे भ्रूणावरचा भर कमी झाला. अशा पेशींतून गाठ होण्याची भीती मात्र उरते. भारतात १४ दिवसांपुढे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवण्यास मनाई आहे. आपल्याकडचा खरा तंटा बाजाराचा, म्हणजे सिद्ध न झालेले उपचार विकण्याचा आहे. अशाच उपचारात अमेरिकेत स्वतःच्या चरबीतील पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

मूलपेशींबाबतच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या आजारांतील रोपण हाच मूलपेशींचा नेहमीचा उपचार. मंजूर औषधे सोडली तर बाकी सारे चाचणीतच चालावे, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. म्हणून सीटीआरआय (देशातील वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक मागावा, नैतिक समितीची मंजुरी पाहावी. संमतीपत्र रुग्णाला समजेल अशा भाषेत असणे बंधनकारक आहे. कन्नड किंवा इंग्रजी कागद पुढे आला आणि तो वाचता येत नसेल, तर मराठी प्रत मागावी. ती घरी नेऊन वाचल्याशिवाय सही करू नये.