मका उचलला, तरी जागा आमिषाचीच

अमेरिकेतल्या शिकारी मंडळींत वर्षानुवर्षं फिरणारा समज: आमिष दाखवून शिकारीला बंदी असली, तरी हरणांसाठी लावलेला मक्याचा फीडर (दाणे टाकणारं यंत्र) आदल्या दिवशी हलवला की शिकारीला मोकळीक.

वाटतं खरं, मकाच नाही, तर आमिष कुठलं? पण हरणांची सवय फीडरबरोबर जात नाही. खुरांनी तुडवलेल्या त्या मातीत दाणे हुंगत ती येतच राहतात. म्हणून इलिनॉयमध्ये आमिष काढल्यावरही १० दिवस ती जागा आमिषाचीच, म्हणजे शिकारीला बंद धरतात, पेनसिल्व्हेनियात साधारणपणे ३० दिवस. टेक्ससमध्ये मात्र खासगी रानात फीडर सर्रास चालतो. गोंधळ बहुधा तिथल्याच गप्पांतून पसरत असावा.

खात्री करायची तर ज्या राज्यात शिकार, तिथली चालू वर्षाची नियमावली काढा. आमिषाची व्याख्या आणि दिवसांची अट त्यातच असते. काही ठिकाणी काउंटीनुसार (म्हणजे जिल्ह्यानुसार) बंदी वेगळी, तीही बघा.